डेकोरातली बटाट्याची पोळी

अमेरिकेतलं आयोवा राज्य म्हणजे सपाट जमीन आणि नजर पोचेल तिथवर मका, असं लेकीनं सांगून ठेवलं होतं. म्हणून लेकीचं गाव डेकोरा जवळ आल्यावर रस्ता टेकड्यांत शिरला, तेव्हा मी सरसावून बसले. शेवटच्या हिमयुगात बर्फ या कोपऱ्यापर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे इथले चुनखडीचे कडे आणि दऱ्या शाबूत राहिल्या, असं जावईबापूंनी सांगितलं.

गाव साडेसात हजार वस्तीचं. समोरून येणारा गाडीवाला, ओळख असो नसो, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. गावाबाहेर रस्त्याकडेला टेबलावर कणसं आणि टोमॅटो मांडलेले, शेजारी पैशांचा डबा, विकायला कुणी नाही. मी पैसे दोनदा मोजून टाकले.

शेजारच्या बाई माझ्याच वयाच्या. त्यांचे पणजोबा नॉर्वेहून आलेले. इथली कितीतरी घरं तशीच. एका दुपारी त्यांनी लेफ्से, म्हणजे नॉर्वेकडची बटाट्याची पोळी, करायला बोलावलं. खरं तर ती ख्रिसमसच्या आधी करतात, पण पाहुणीसाठी जुलैतच तवा काढला. उकडून चाळलेला बटाटा, लोणी, साय, मैदा. लाटण्यावर बारीक खाचा, पोळपाटावर कापड, आणि पोळी उचलायला लांब, चपटी काठी. पोळी एवढी पातळ की खालचं कापड दिसावं. काठी काही मला जमेना, पण लाटणं हातात आल्यावर हात आपोआप फिरू लागला. "तुम्ही हे आधी केलेलं आहे!" बाई म्हणाल्या. "हो, चाळीस वर्षं, रोज," मी म्हटलं. गरम पोळीवर लोणी-साखर पसरून त्यांनी गुंडाळी हातात दिली. शाळेतून आल्यावर आई द्यायची ती तूप-साखरेची पोळी आठवली आणि मला पुढचा घास घेता येईना. बाई काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच नॉर्वेहून आलेल्यांच्या आठवणी जपणारं व्हेस्टरहाइम संग्रहालय दाखवलं. तिथं समुद्र ओलांडून आलेल्या लाकडी पेट्या आहेत, वेलबुट्टी रंगवलेल्या, मालकाचं नाव आणि साल घातलेल्या. लेकीनं पहिल्यांदा निघताना भरलेल्या दोन बॅगा माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

पण जीव रमला तो गावाच्या उत्तरेला, जुनं बियाणं जपणाऱ्या 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' या संस्थेच्या 890 एकरांच्या शेतावर. डायन ऑट व्हीली यांना आजोबांनी दोन बियाणी दिली, एक गुलाबी टोमॅटोचं, एक जांभळ्या फुलांच्या वेलाचं. वेलाचं बी पूर्वजांनी बव्हेरियातून आणलेलं. ते जपायचं म्हणून त्यांनी आणि केंट व्हीली यांनी 1975 मध्ये हे काम सुरू केलं. आज इथं 20,000 हून जास्त वाणांचं बियाणं आहे. त्या वेलापुढे मला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवल्या, घरात गावठी बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या. मोबाइलवर त्यांचा फोटो दाखवला, तर बाई चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. "यांना सगळ्या बिया ओळखता येतात?" त्यांनी विचारलं. मी अभिमानानं हो म्हटलं.

येत्या शुक्रवारी त्यांच्या त्याच तव्यावर पुरणपोळी करायची आहे. हरभऱ्याची डाळ लेकीकडे आहे. गुळासाठी मात्र उद्या शेजारच्या मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर शहर गाठायचं.