शब्दार्थांची वही
आज शेजारची चौथीतली मुलगी वहीतले इंग्रजी शब्दार्थ मला घडाघडा म्हणून दाखवत होती. मी क्रम मोडून मधलाच ‘ब्रिज’ विचारला, तेव्हा तिने ओठांतल्या ओठांत यादी पहिल्यापासून सुरू केली आणि त्या शब्दापाशी पोहोचल्यावरच ‘पूल’ असे उत्तर दिले.

ते पुटपुटणे मनातून जात नाही.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते आणि तो निर्णय मला योग्यच वाटतो. परंतु जी मुलगी रोज पंचगंगेचा पूल ओलांडून शाळेत जाते, तिला हा शब्द केवळ यादीतला सातवा म्हणून ठाऊक असावा, याचे फार वाईट वाटते. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळतीलही.

तुमच्याकडची मुले नवे इंग्रजी शब्द बोलण्यात कुठे वापरून पाहतात?