हुआरासची केचुआ: कुस्कोचं शब्दपुस्तक इथे चालत नाही

केचुआ ही अँडीज पर्वतातल्या मूळ लोकांची भाषा. पेरूला जाणारे काही जण कुस्कोची केचुआ थोडीफार शिकून घेतात. हुआरास ज्या आंकाश प्रांतात आहे, तिथे ती फारशी उपयोगी पडत नाही. इथली बोली मध्य पेरूच्या गटातली, कुस्कोची दक्षिणेतली. जाणं कुस्कोत ‘रि’, इथे ‘आय्वा’. पाणी तिथे ‘उनु’, इथे ‘याकु’. घर तिथे ‘वासि’, इथे ‘वायि’.

लिमाहून हुआरास बसने सुमारे आठ तास. गाव ३,०५० मीटरवर आहे, वाटेतली कोनोकोचा खिंड ४,००० मीटरच्या वर. पहिले दोन दिवस चढाई नको. ते बाजारात बोली ऐकण्यात घालवा. शक्य असेल तर रविवारी जवळच्या कार्वास गावचा बाजार गाठा. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका चोचो या कडधान्याच्या राशी मांडून आपसात केचुआच बोलतात. तुमच्याशी मात्र स्पॅनिशमध्ये बोलतील, भावही बहुधा स्पॅनिशमध्येच सांगतील. केचुआ बोलल्याबद्दल या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हिणवून घेतलंय, त्यामुळे सुरुवात स्पॅनिशमध्ये करा, मग विचारून केचुआकडे वळा. ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय अजिबात नको.

उच्चारात मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते. चार म्हणजे ‘चुस्कु’, त्यातला च ‘चिंच’मधला. पाच म्हणजे ‘पिच्क’, त्यातला च ‘चूल’मधला, आणि क घशात अगदी मागे. हे दोन च मिसळले तर शब्द ओळखू येत नाही. अडचण येते ती शेवटच्या स्वराची. आपण शब्दाअखेरचे इ-उ सवयीने लांबवतो, आणि इथे नेमकी लांबीच ‘माझं’ हा अर्थ देते: ‘वायि’ म्हणजे घर, ‘वायी’ म्हणजे माझं घर. म्हणून शेवट मुद्दाम आखूड करा. शिवाय ‘आय्’चा ‘ए’ होतो, म्हणून निरोपाचं ‘आय्वाल्या’ हुआरासमध्ये ‘एवाल्या’ ऐकू येईल.

चाविन दे वांतार या प्राचीन अवशेषांच्या ठिकाणाकडे जाताना काउइश बोगदा ४,५०० मीटरच्या आसपास लागतो. गरम कपडे हाताशी ठेवा. पलीकडच्या कोंचुकोस भागात बोली पुन्हा थोडी बदलते. तिथे परतीच्या गाडीची चौकशी करताना क्रियापदाचं शेपूट नीट ऐका. ‘कन्मि’ म्हणजे गाडी आहे, बोलणाऱ्याला स्वतःला ठाऊक आहे. ‘कन्शि’ म्हणजे आहे असं ऐकलंय. दुसरं उत्तर मिळालं तर आणखी एखाद्याला विचारल्याशिवाय थांब्यावर ताटकळत बसू नका.