पंधरा हजार पौंडांत पोर्श ९११, आणि त्यापुढचा खर्च

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: "तिकडे म्हणे पोर्श आपल्या क्रेटाच्या भावात मिळते, खरं का?" खरं आहे. १९९७च्या शेवटी आलेली आणि २००५पर्यंत बनलेली ९११, जिला जाणकार ९९६ या मॉडेल क्रमांकाने ओळखतात, ती इथे बारा ते अठरा हजार पौंडांना विकायला उभी असते. पंधरा हजार पौंड म्हणजे साधारण सतरा-अठरा लाख रुपये. तिची धाकटी बहीण बॉक्स्टर ९८६ तर पाच-सहा हजार पौंडांतही मिळते. भारतात नवी ९११ दोन कोटींच्या घरात जाते हे ठाऊक असलेल्याला हा भाव ऐकून राहवत नाही. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या गाडीला अगदी चपखल बसते, म्हणून मसाल्याचा हिशोब आधी.

मुळात गाडीचा भाव पडला, सुट्या भागांचा नाही. पार्ट आजही लाख पौंडांच्या गाडीचे म्हणूनच विकले जातात आणि मजुरीही त्याच दराने लागते. कंपनीबाहेरचा चांगला पोर्श मेकॅनिक तासाला ८० ते १२० पौंड घेतो. त्यावर २० टक्के व्हॅट लागतो, आणि फोनवर सांगितलेल्या दरात तो बहुतेक वेळा धरलेला नसतो. म्हणून दर विचारताना "व्हॅटसकट किती?" असंच विचारावं.

ही ९११ स्वस्त का, याचं एक कारण दिसण्यात आहे. बॉक्स्टरसारखेच, तळलेल्या अंड्यासारखे दिसणारे हेडलाइट जुन्या चाहत्यांना कधीच रुचले नाहीत. खरं कारण मात्र इंजिनात आहे. पाण्याने थंड होणारी ही पहिली ९११. आडव्या सहा सिलिंडरचं तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ते ३.४ लिटरचं आणि ३०० अश्वशक्तीचं होतं, २००१ सालच्या बदलानंतर ३.६ लिटरचं आणि ३२० अश्वशक्तीचं झालं. या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा आहे. पिस्टनच्या जोरावर फिरणारा क्रँकशाफ्ट त्याला चेनने फिरवतो आणि तो पुढे चेननेच व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे, मुठीत मावेल एवढं. आत ग्रीस भरलेलं असतं. वर्षं उलटली की सील कडक होतं, इंजिनचं गरम ऑईल आत झिरपून ग्रीस धुऊन नेतं, पण ताजं ऑईल आत-बाहेर खेळेल इतकी वाटही सील ठेवत नाही. मग छर्रे खरवडले जातात, दांडा डगमगतो, चेन दात चुकते आणि पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात. तिथे इंजिन संपलं.

साधारण २००० सालापर्यंतच्या गाड्यांत छर्र्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकतं. त्यानंतर २००५पर्यंत एका रांगेचं आलं आणि जास्त बिघाड त्याचेच. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी कंपनीवर सामूहिक दावा लावला, तो २०१३मध्ये तडजोडीने मिटला. याच ९११च्या टर्बो आणि जीटी३ या वरच्या प्रकारांची इंजिनं वेगळ्या घराण्यातली आहेत, त्यांना ही व्याधी नाही, पण त्या गाड्या या किमतीत मिळतही नाहीत. बहुतेक गाड्यांत हे बेअरिंग शेवटपर्यंत टिकतं हेही सांगितलं पाहिजे. मात्र ज्या गाडीत जातं तिथे नवं इंजिन बांधायला दहा हजार पौंडांच्या वर लागतात, म्हणजे गाडीच्या किमतीएवढेच. शक्यता लहान आणि फटका मोठा असला की तिथे नशिबावर विसंबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे "कमी चाललेली, एका हातातली, घरात उभी असायची" ही जाहिरात ऐकली की माणूस खूश होतो. या गाडीच्या बाबतीत त्याच वर्णनाने सावध व्हावं. वर्षाला पाचशे मैल चालणाऱ्या, इंजिन नीट तापायच्या आत बंद होणाऱ्या गाडीच्या ऑईलमध्ये पाण्याचा अंश आणि आम्लं साठत जातात, आणि बेअरिंग त्यातच बसलेलं असतं. दरवर्षी सहा-सात हजार मैल धावलेली, ऑईल वेळेवर बदललेली लाखभर मैलांची गाडी पुष्कळदा जास्त निरोगी निघते.

बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे हे काम क्लचबरोबर करायचं, मजुरी एकदाच पडते. त्याच वेळी क्रँकशाफ्टचं मागचं ऑईल सील बदलून घ्यावं. तिथून ऑईल पाझरणं हा या इंजिनाचा जुना रोग आहे, आणि सील स्वस्त असलं तरी तिथवर पोचणं महाग आहे. ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते दोन भागांचं जड चाक, हाताने फिरवून त्यात किती ढिलाई आहे ते मेकॅनिकला बघायला सांगा. क्लच, बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून दोन ते तीन हजार पौंड धरा, फ्लायव्हील गेलेलं असेल तर आणखी सात-आठशे. आणि हे सगळं करण्याआधी ऑईल फिल्टर उघडायचा. हा तपास दहा मिनिटांचा आहे आणि सगळ्यात मोलाचा आहे. फिल्टरचा घडीदार कागद कापून पांढऱ्या फडक्यावर पसरायचा, उजेडात तिरपा धरायचा आणि खालून लोहचुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटणारी चमचमती पूड दिसली तर ते बेअरिंगचं पोलाद असू शकतं. तपकिरी-काळे प्लॅस्टिकचे कपचे दिसले तर ते चेनच्या गाइडचे, एखाद-दुसरा चालतो. पोलाद पसरलेल्या इंजिनात नवं बेअरिंग बसवून उपयोग नाही, कारण ती पूड आधीच सगळीकडे फिरलेली असते. अशी गाडी तिथेच सोडून निघावं.

दुसरा आजार सिलिंडरच्या भिंतींचा. पिस्टन घासून भिंतीवर उभे ओरखडे पडतात, जास्त करून ३.६ लिटरच्या इंजिनात आणि बहुधा ४ ते ६ क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये. गाडी गरम झाल्यावर मागून एका बाजूला टक-टक ऐकू येते, दोन सायलेन्सरपैकी एकाचं तोंड दुसऱ्यापेक्षा काळंकुट्ट असतं, ऑईल कमी होत राहतं. आवाज मालकाच्या घरासमोर थंड इंजिनवर येईलच असं नाही, म्हणून गाडी अर्धा तास चालवून मग कान द्यावा. पक्का निकाल बोअरस्कोपच लावतो: स्पार्क प्लग काढून त्या भोकातून कॅमेरा आत सोडायचा आणि सहाही सिलिंडर बघायचे. ओरखडे असतील तर लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी, घालून इंजिन नव्याने बांधणं एवढाच उपाय आहे.

इंजिनखालोखाल पैसे खाते ती पाण्याची व्यवस्था. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाइपांचा प्रवास लांब आहे आणि पाणी वीस लिटरच्या आसपास लागतं. दोन रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात, त्यांच्यासमोर एसीचे कंडेन्सर. बंपरच्या उघड्या तोंडांतून शरद ऋतूतला पालापाचोळा आत जातो, ओला होऊन तिथेच कुजतो आणि जाळीला खातो. दरवर्षी बंपर उतरवून तो काढावा. तासाभराचं काम आहे, स्वतः करता येतं. वॉटर पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असतो, तुटला तर तुकडे पाण्याच्या वाटांत जातात, म्हणून चार-पाच वर्षांनी पंप न बिघडताही बदलतात. धातूच्या पंख्याचा पंपही बाजारात मिळतो. तो घेऊ नये, कारण त्याचं बेअरिंग ढिलं झालं की पंखा थेट इंजिनाच्या बॉडीवर घासतो. स्टार्ट करताच मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला तर घाबरून जाऊ नका, बहुधा ऑईल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑईल वेगळं करणारा भाग, फाटलेला असतो. पार्ट फार महाग नाही, हात पोचायला मात्र अडचणीचा आहे.

ज्याचा भारतातून अंदाजच येत नाही तो खर्च गंजाचा. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीच्या पोटाची अवस्था कोकणात समुद्राकाठी उभ्या असलेल्या गाडीसारखी होते. बॉडी जस्ताचा थर दिलेली, ती टिकते. नट-बोल्ट टिकत नाहीत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन, प्रत्येकाला सहा बोल्ट, आणि वीस वर्षांनी त्यांची डोकी गंजून निम्मी झालेली असतात. पाना लावला की डोकं हातात येतं आणि दांडी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये राहते. मग ती नेमकी मधोमध ड्रिल करून काढावी लागते, ड्रिल तिरका गेला तर हेडचे आटे जातात. म्हणून शंभर-दीडशे पौंडांच्या कामाचं बिल सहाशे-सातशेवर जातं. व्हील अलाइनमेंटचंही तसंच: मागचे ॲडजस्टिंग बोल्ट बुशमध्ये जाम होतात, कापून नवे घालावे लागतात. मागच्या ब्रेकच्या लोखंडी पाइपांना गंज चढला की पाइप स्वस्तात येतो, पण आड येणारं सगळं उतरवण्याची मजुरी जबर असते. खड्ड्यात पुढून खडखड आली की सस्पेन्शनचे खालचे आर्म गेले असं समजा. अठरा इंची चाकं असतील तर टायर पुढे २२५/४० आणि मागे २६५/३५ किंवा २८५/३०. पोर्शने मान्य केलेल्या टायरवर 'एन' अक्षराची खूण असते. चारही मिळून सात ते नऊशे पौंड. चार टायर चार कंपन्यांचे दिसले तर मालकाने बाकीच्या गोष्टींतही हात आखडता घेतला असणार हे गृहीत धरा.

कर आणि कागद. १ मार्च २००१पूर्वी नोंदलेल्या गाडीला रोड टॅक्स इंजिनाच्या आकारावर, १५४९ सीसीच्या वर २०२५-२६मध्ये वर्षाला ३६० पौंड. त्यानंतरच्या गाड्यांना धुरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर, पण २३ मार्च २००६पूर्वी नोंदलेली असेल तर तो कितीही सोडला तरी जास्तीत जास्त 'के' हा करगट, म्हणजे २०२५-२६च्या दराने ४३० पौंड. त्या तारखेनंतर नोंदलेली पुढची ९११, म्हणजे ९९७, घेतली तर तोच आकडा ७६०पर्यंत जाऊ शकतो. एकाच मॉडेलच्या फेब्रुवारी आणि एप्रिल २००६मधल्या दोन गाड्यांत दरवर्षी एवढा फरक पडतो, म्हणून नोंदणीची तारीख वाचूनच भाव ठरवा. २९ ऑगस्ट २०२३पासून सगळं लंडन यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून दिवसाचे पैसे घेणाऱ्या पट्ट्यात, आहे. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात. या वयाच्या काही पोर्श बसतात, काही नाही, तेव्हा 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन'च्या साइटवर त्या विशिष्ट गाडीचा नंबर टाकूनच खात्री करा. विम्याचं आपल्या लोकांना विशेष सांगायला हवं. भारतातलं लायसन्स इथे पहिले बारा महिनेच चालतं, आणि भारतातला नो-क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत. इथलं लायसन्स आणि दोन-तीन वर्षांचा साध्या गाडीचा विनादावा इतिहास झाल्यावरच ९११चा विचार करावा, नाहीतर हप्ताच अंगावर येईल.

पाहायला जाण्याआधी घरबसल्या दोन गोष्टी करा. एमओटी, म्हणजे आपल्याकडच्या पासिंगसारखी वार्षिक तपासणी, तिचा प्रत्येक गाडीचा इतिहास सरकारी साइटवर नंबर टाकून फुकट दिसतो. मीटर वर्षागणिक चढत गेलंय का आणि "ब्रेक पाइपला गंज" असा शेरा सलग तीन वर्षं तसाच पडून आहे का, ते बघा. दुसरं, थोडे पैसे भरून गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती अपघातात 'कॅट एस' (सांगाड्याला इजा) किंवा 'कॅट एन' (सांगाडा शाबूत) म्हणून विमा कंपनीने निकालात काढली होती का, ते तपासा. मालकाला फोनवर सांगून ठेवा की येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर इंजिनच्या झाकणावर हात ठेवून ते थंड आहे ना ते बघा. पसंत पडली तरी पैसे देण्याआधी स्वतंत्र पोर्श मेकॅनिककडून तपासणी करून घ्या, बोअरस्कोपसकट अडीचशे ते चारशे पौंड. बहुतेक गाड्यांच्या कंप्युटरमध्ये इंजिन किती तास चाललं याची नोंद असते. मैलांना तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. तो ताशी पंधरा मैलांच्या आत आला तर मीटरवर किंवा गाडीच्या इतिहासावर विश्वास ठेवू नका. चुकीचा गिअर पडून इंजिन मर्यादेपलीकडे गेल्याचीही नोंद तिथेच सापडते.

खरेदीच्या किमतीचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा काढून ठेवा: बारा हजारांची गाडी घ्यायची तर सोळा हजार हातात हवेत. सोळा हजारांची, बिलांची जाड फाइल असलेली गाडी त्यापेक्षा आम्ही कधीही आधी घेऊ. आणि परत येताना गाडी भारतात आणायचं मनात धरू नका. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, तेव्हा ती इथेच विकावी लागेल. म्हणून बेअरिंग बदलाल त्या दिवशी जुनं बेअरिंग आणि गाडीची नंबर प्लेट एकाच चौकटीत येईल असा फोटो गॅरेजकडून मागून घ्या आणि बिलाला टाचून ठेवा. पुढचं गिऱ्हाईक आल्या आल्या तोच मागेल.