गोधडीतून उरलेल्या चौकोनांची पिशवी: काम कुठवर आलं

गोधडीचा वरचा थर जोडून झाला. ५ इंचांचे सुती चौकोन, पाव इंच माया (टिपेबाहेर कडेला सोडलेलं कापड), म्हणजे शिवून झाल्यावर प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा. मांडणी करताना मी रंगापेक्षा गडद-फिकं जास्त बघते. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला की कुठला तुकडा शेजाऱ्यात हरवतोय ते लगेच दिसतं.

पाव इंचाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं चौकोनी काम त्यावरच उभं आहे. एका ओळीत ९ चौकोन म्हणजे ८ जोड. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांची माया एकेक मिलिमीटरने जास्त गेली, तर ती ओळ १६ मिलिमीटरने आखूड होते. मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळायचा प्रश्नच उरत नाही. म्हणून सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर एकावर एक लावले आहेत. कापडाची कड त्याला टेकवायची आणि नजर सुईवर नाही, त्या पट्टीवर ठेवायची. टीप आपोआप सरळ येते.

इस्त्रीचंही तसंच. एका ओळीतल्या माया उजवीकडे वळवायच्या, पुढच्या ओळीतल्या डावीकडे. दोन ओळी समोरासमोर धरल्या की जोड एकमेकांना भिडून बसतात, बोटांना ते बसलेलं नीट कळतं, आणि तिथे टाचणी लावली नाही तरी कोपरा सरकत नाही. या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. इस्त्री मात्र दाबून उचलायची. घासत नेली की कापड ताणतं आणि चौकोन तिरका होतो.

उरलेल्या चौकोनांतून पिशवीचे दोन भाग जोडले, पुढचा आणि मागचा. इथे कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी तिन्ही थर (वरचं जोडकाम, मधला भराव, मागचं कापड) एकत्र करून टिपा मारायच्या, मापात कापायचं नंतर. टिपा पडत जातात तसं कापड भरावात दबतं आणि तुकडा लांबी-रुंदीला आक्रसतो. आधीच मापात कापलेला तुकडा शेवटी लहान भरतो. मी चारही बाजूंनी इंचभर जास्त ठेवलं होतं. कच्चे टाके मधून सुरू करून कडेकडे नेले, म्हणजे मागच्या कापडाला चुणी पडत नाही. मशीनच्या टिपांसाठी टाक्याची लांबी ३ मिलिमीटर. वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा फूट) असेल तर जरूर लावा. साध्या फूटखाली खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो.

तळाला रुंदी दिली आहे, पिशवी उभी राहायला हवी. ४ इंचांचा तळ हवा असेल तर कोपऱ्यात २ इंचांचा चौकोन कापायचा, पण तो कापडाच्या कडेपासून मोजून. टिपेपासून मोजला आणि माया सगळीकडे अर्धा इंच असली, तर तळ ५ इंचांचा होतो.

तळाच्या कोपऱ्यांत आणि बंदांच्या जागी थर फार साचतात. तिथे मायेतला भराव टिपेपर्यंत कापून टाकला, जाड, १०० नंबरची सुई घातली आणि सगळ्यात जाड जागी हातचाक फिरवून एकेक टाका घातला. बंदाच्या टोकाला चौकोन आणि आत फुलीची टीप. ओझ्याचा ताण एका रेषेवर न येता पसरतो, त्यामुळे या टिपेला मी पर्याय शोधतच नाही.

अस्तर कापून तयार आहे, बाहेरच्या भागापेक्षा किंचित लहान, म्हणजे आत ढिलं पडत नाही. तळाच्या टिपेत हात जाईल एवढी फट ठेवायची आहे, पिशवी तिथूनच उलटवायची. खिसा अस्तर जोडण्याआधी, कापड सपाट असतानाच लावणार.

अडलंय ते चेनपाशी. तोंडाला चेन लावावी की नुसतं चुंबकी बटण? चेन लावली तर वस्तू सुरक्षित, पण भरावाच्या कडेजवळ जाडी आणखी वाढते. कोणी भरावाच्या पिशवीला चेन लावली असेल तर दोन्ही टोकं कशी बसवली ते सांगा. तोवर गोधडीच्या कडेसाठी अडीच इंची पट्ट्या कापून, दुहेरी दुमडून इस्त्री करायला घेते.