अँड्र्यू नील यांचे प्रश्न

आज दुपारी भांडी आवरता आवरता ब्रिटिश पत्रकार अँड्र्यू नील यांनी घेतलेल्या जुन्या मुलाखती लावल्या आणि काम तसंच राहिलं. १९४९ साली स्कॉटलंडमधल्या पेझ्लीत जन्मलेला हा माणूस. विचारानं पक्का उजवा. ‘संडे टाइम्स’चा ११ वर्षं संपादक, १९८६ मध्ये त्याच वृत्तपत्रानं इस्रायलच्या अणुबॉम्बचं गुपित फोडलं.

पण मला धरून ठेवलं ते ब्रिटनच्या २०१९ च्या निवडणुकीनं. विरोधी मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांना त्यांनी मुलाखतीत घाम फोडलाच. उजव्या हुजूर पक्षाचे पंतप्रधान जॉन्सन मात्र मुलाखतीला आलेच नाहीत, तेव्हा नील यांनी कॅमेऱ्याकडे बघत त्यांना विचारायचे प्रश्न देशासमोर मांडले. आपल्याच विचारांच्या माणसाला! त्यांची मतं मला पटत नाहीत, पण ती तीन-चार मिनिटं मी दोनदा पाहिली.