मागचा लाईट आणि बॉडीचं अर्थिंग

जुन्या गाडीचं इलेक्ट्रिक काम कुणाला जमतं हे बघायचं असेल तर त्याला सांगा मागचा लाईट मंद लागतोय, आणि तो आधी काय करतो ते बघा. बल्ब बदलणारे पुष्कळ भेटतात, पण जो एक लांब वायर काढून बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट लॅम्पच्या होल्डरपर्यंत लावून बघतो त्याला चहा पाजावा.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये संपल्या, त्यामुळे आता ही गाडी उघडून बसलं की येणारेजाणारे थांबतात आणि प्रत्येकजण सल्ला देतो, सल्ला बहुतेक वेळा "बॅटरी बदला" हाच असतो.

खरी भानगड अशी की दिव्याला प्लसची वायर जाते, पण परत येणारी वायर बहुतेक ठिकाणी नसतेच, करंट पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येतो, यालाच अर्थिंग म्हणतात. म्हणजे अख्खी बॉडीच एक वायर, आणि ती ठिकठिकाणी गंजलेली. मुंबईची हवा, चार पावसाळे, वरून पेंटरने बोल्टसकट सगळं रंगवलेलं, मग कनेक्शन लागणार कुठून. करंट पण गप्प बसत नाही, परतीचा रस्ता अडला की शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून ब्रेक दाबला की बंद असलेले पार्किंग लाईट मिणमिणायला लागतात. भुताटकी वगैरे काही नाही, लॅम्पचा स्क्रू गंजलाय एवढंच.

इंजिनचं तर वेगळंच. ते रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक जाड विणलेली तांब्याची पट्टी असते. ती खालच्या बाजूला, तेलाच्या चिखलात, टॉर्च घेऊन आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. ती तुटली की स्टार्टरचा शंभरेक अँपिअर करंट चोकच्या (थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या) केबलमधून परत जायला बघतो आणि केबल हाताला चटका देण्याइतकी तापते. लोक केबल बदलतात!

मल्टीमीटरच्या, कनेक्शन आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या बीपवर तर अजिबात विश्वास ठेवू नये, पट्टीची एकच तार शिल्लक असली तरी तो खुशाल बीप करतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. हेडलाईट आणि मागच्या लॅम्पचं पण असंच, फक्त लाईट चालू ठेवून बघायचं, तिथे पाव व्होल्टसुद्धा मला जास्त वाटतो.

सापडल्यावर काम दहा मिनिटांचं, बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, आवळा, वरून पेट्रोलियम जेली. काही इलेक्ट्रिशियन खराब जागा शोधायचा कंटाळा करून सरळ नवी काळी वायर खेचतात, चालतं म्हणा ते, पण मग पुढच्या माणसाला गाडीत कुठली वायर कशाची ते कळत नाही आणि पद्मिनीचं वायरिंग आधीच किती जणांनी किती रंगांच्या वायरी जोडून ठेवलेलं असतं ते विचारू नका. मी तरी मूळ जागाच शोधतो आणि पेंटरकडे गाडी देताना त्या बोल्टांवर मास्किंग टेप स्वतः लावून देतो. पेंटर हसतो, हसू दे.