ब्युरेटजवळचा एक प्रश्न

आज बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या मापननळीतून द्रावण थेंबथेंब सोडून प्रमाण मोजण्याचा प्रयोग, सुरू असताना, फ्लास्कमधला फिकट गुलाबी रंग टिकतो की नाही याकडे सर्वांचे डोळे लागलेले असताना, मी सहज विचारले, "विज्ञानाकडे का वळलात आणि पुढे काय करणार?"

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी मुलीला शिक्षिका व्हायचे आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकताना एकही प्रयोग तिला स्वतःच्या हाताने करायला मिळाला नव्हता; तो आपल्या विद्यार्थ्यांना मिळावा, हा तिचा ध्यास आहे. एम.एस्सी.साठी कोल्हापूरला जावे की धारवाडला, हा पेच मात्र तिला सुटत नाही, कारण भाषा एकीकडे ओढते आणि नोकरीची वाट दुसरीकडे. बैलहोंगलच्या कन्नडभाषक मुलाला माती परीक्षणात काम करायचे आहे. ज्या उर्दूभाषक मुलीच्या घरात दहावीपुढे कोणी शिकलेले नाही, तिला 'जॅम' ही पदव्युत्तर विज्ञान प्रवेशाची परीक्षा देऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जायचे आहे, आणि हे सांगताना तिचा आवाज जराही डगमगला नाही.

या मुलांची स्वप्ने मातृभाषेपेक्षा घरच्या मिळकतीने अधिक घडतात, असे मला मनापासून वाटते. एक मराठी मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. सगळे गेल्यावर ब्युरेट धुताना तो म्हणाला, "सर, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत लॅबचे काम मिळतंय, घरी पैशांची गरज आहे, नोकरी करत एम.एस्सी. होईल का?" उद्या दुपारी त्याच्यासोबत बसून मार्ग शोधायचे ठरले आहे.